श्रेय आणि जबाबदारी

विद्वानाच्या कार्याची मोजदाद करण्याची एक ठराविक रीत आज पडून गेली आहे. त्याचे निबंध किती, ते कोठें छापले गेले, इतरांनीं त्यांचा आधार किती वेळां घेतला, हे आंकडे मांडले कीं माणसाची योग्यता ठरली असें समजण्यांत येतें. दीर्घिका कशा जन्मल्या व कशा पालटत गेल्या ह्याचा शोध घेणारे खगोलशास्त्रज्ञहि ह्याच तराजूंत तोलले जातात. ह्या तराजूंत कोणती वस्तु पडतच नाहीं, एवढेंच आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

पुण्याच्या आयुका संस्थेंतील डॉ. कनक साहा व त्यांचे देशोदेशींचे सहकारी ह्यांचा एक निबंध २०२० च्या ऑगस्ट महिन्यांत ‘नेचर ॲस्ट्रॉनॉमी’ ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. ज्यास आपणांपर्यंत पोंचावयास सुमारें ९३० कोटी वर्षें लागलीं, असा एका दीर्घिकेचा अतिनील प्रकाश त्यांनीं टिपला होता. विश्वाच्या बाल्यावस्थेंत सर्वत्र पसरलेल्या हायड्रोजनाचे अणु पहिल्या ताऱ्यांच्या अशाच प्रखर किरणांनीं फुटले, असें शास्त्रज्ञ मानतात. परंतु दीर्घिकेंतला वायूच हे किरण गिळून टाकतो, मग ते बाहेर निसटले कसे? ही दीर्घिका त्या काळाच्या बरीच नंतरची खरी. तथापि किरण निसटूं शकतात ह्याची ती साक्षीदार आहे.

निरीक्षण झालें २०१६ च्या ऑक्टोबरांत, २८ तासांहून थोडें अधिक. तो प्रकाश त्याच दीर्घिकेचा आहे अशी खात्री करून घेण्यांत मात्र जवळजवळ दोन वर्षें गेलीं. दुर्बिणीचा आरसा अवघा ३७.५ सेंटिमीटर व्यासाचा, घरांतल्या परातीएवढा म्हणा. तिनें दिलेल्या क्षीण पुराव्यावर प्रथम अविश्वास दाखविणें हें कर्तव्यच होतें. निबंधांच्या यादींत ह्या साऱ्याची ओळ एकच. त्या दोन वर्षांच्या संशयाला तेथें रकाना नाहीं. आणि आमच्या मतें शास्त्रज्ञाचें शील पाहावयाचें तें त्या संशयांतच.

दुसरी गोष्ट ह्याहून अवघड आहे. ही दुर्बीण ज्या ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रहावर बसविलेली आहे, तो २८ सप्टेंबर २०१५ रोजीं पीएसएलव्ही प्रक्षेपकानें अंतराळांत नेला. ह्या जातीच्या प्रक्षेपकाच्या तळच्या टप्प्यांत सुमारें १३८ टन घन इंधन असतें. तें ज्या २.८ मीटर व्यासाच्या पोलादी कोशांत भरतात, तसल्या कोशांचे भाग घडविणाऱ्या मोजक्या कारखान्यांत इंदापूर तालुक्यांतील वालचंदनगरचा कारखाना आहे. शेठ वालचंद हिराचंद ह्यांनीं उसाचे मळे व साखरेचा कारखाना उभारून जें गांव वसविलें, तेथें १९७० नंतरच्या दशकापासून अग्निबाणांचीं कामें होऊं लागलीं. (उसाच्या चरकापासून येथवरची ही मजल स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

अशा कोशाचा प्रत्येक सांधा क्ष-किरणांनीं तपासतात, पाण्याच्या दाबाखालीं पारखतात. केसाएवढी चीर राहिली तर उपग्रहासह सर्वांची राख. सांध्याचें यश असें विलक्षण कीं, तो चांगला झाला म्हणजे कोणाच्याहि ध्यानांत राहत नाहीं. मग त्या दीर्घिकेच्या शोधांत वेल्डरचा वाटा कितीसा? कोणी म्हणेल, त्यानें दिलेल्या नकाशाप्रमाणें काम केलें. प्रश्न विचारला तो शास्त्रज्ञानें. प्रश्नाचें श्रेय शास्त्रज्ञाचें, हें आम्ही निःसंकोच मान्य करतों. परंतु ‘नकाशाप्रमाणें काय, कोणीहि करील’ असें जे म्हणतात, त्यांनीं वितळत्या पोलादासमोर हात स्थिर ठेवून पाहिलेला नसतो.

आमच्या मतें घोटाळा होतो तो नांवाचा अर्थ लावण्यांत. निबंधावरचें नांव हा आपण हार समजतों. वस्तुतः ती हुंडीवरची सही आहे. उद्यां निष्कर्ष खोटा ठरला तर भरपाई कोणाकडे मागावयाची, हें ती सही सांगते. अशा कारखान्यांतहि कोणता सांधा कोणीं जोडला ह्याची नोंद ठेवतात, आणि तिचा अर्थ अक्षरशः तोच असतो. जबाबदारी दोघांनींहि पत्करली. एकाची सही जगभर वाचली जाते, दुसऱ्याची कपाटांत राहते. हा भेद प्रसिद्धीचा आहे, नीतीचा नव्हे.

आमच्या सुशिक्षित घरांना मात्र तो नीतीचाच वाटत आला आहे. मुलास वेधशाळेचें स्वप्न दाखवावयाचें, आणि तोच आय.टी.आय. मध्यें जातों म्हणाला तर चारचौघांत आवाज खालीं आणून सांगावयाचें, अशी आमची रीत. निबंधांच्या यादीला दोष देण्यापूर्वीं ही घरगुती यादी एकदां तपासून पाहण्याजोगी आहे. प्रक्षेपकाचा तळचा टप्पा दोनेक मिनिटांत जळून समुद्रांत पडतो. तो घडविणाऱ्यास त्याचा कपटाहि परत मिळत नाहीं. त्याच्याजवळ उरतो तो नोंदवहींतला सांध्याचा क्रमांक आणि त्यापुढचा शेरा: निर्दोष.