ज्याला फेडता येत नाही, त्याचा धर्म

घेतलेले फेडलेच पाहिजे, ही आपल्या नीतीची पहिली शिकवण. माणूस देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊनच जन्माला येतो, असे वैदिक परंपरा मानते. बुडवलेले देणे पुढच्या जन्मीही पाठ सोडत नाही, ही श्रद्धा ‘ऋणानुबंध’ या शब्दात मुरलेली आहे. म्हणूनच दिवाळे निघाले की पैशाआधी अब्रू जाते. पण ज्याच्यापाशी फेडायला खरोखरच काही उरले नाही, त्याचा धर्म कोणता? माझ्या मते, आपल्याकडे काय आहे आणि काय नाही, हे सर्व धनकोंसमोर खरेपणाने मांडणे हाच त्याचा धर्म. आणि ते मांडण्यासाठी त्याला परवडेल अशी मदत देणे हे समाजाचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे.

नादारीचा अर्ज म्हणजे मुळात असे सत्यकथनच. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग अजून कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरताच लागू आहे. त्यामुळे सामान्य माणसाला मुंबईत १९०९ चा आणि महाराष्ट्रात इतरत्र १९२० चा जुना नादारी कायदाच गाठावा लागतो. १९२० च्या कायद्याप्रमाणे अर्जात प्रत्येक धनकोचे नाव, पत्ता आणि रक्कम लिहायची, मालमत्ता कुठे व किती किमतीची ते सांगायचे आणि ती न्यायालयाच्या हवाली करण्याची तयारी दाखवायची. मागे राहते ते दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने जप्तीतून वगळलेले: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याचे बियाणे आणि धर्माचारानुसार बाईला उतरवता न येणारा दागिना. धनकोचा हक्क मालमत्तेवर चालतो, जगण्यावर चालत नाही, हे या यादीइतके स्पष्ट क्वचितच कुठे लिहिलेले सापडेल. पण हा अर्ज बिनचूक भरणे सोपे नाही. एखाद्या उसनवारीची नोंद राहिली, तरी प्रामाणिक माणूस लपवाछपवी करणारा ठरू शकतो. वकील हवाच, आणि फी द्यायला पैसा नाही म्हणूनच तर तो इथवर आलेला असतो.

राज्यघटनेच्या कलम ३९अ ने आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने ही कोंडी ओळखली आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक ३ लाख रुपयांची मर्यादा आहे. त्यासाठी जिल्हा न्यायालयातल्या प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज करता येतो. १५१०० या क्रमांकावर चौकशीही करता येते.

यावर आक्षेप येईल की अशी मदत सोपी झाली तर लोक कर्ज बुडवायला सोकावतील. पण मोफत मिळतो तो वकील. कर्जमुक्ती मोफत मिळत नाही. ती न्यायालय तपासून देते, आणि मालमत्ता दडवणाऱ्याला शिक्षा होऊ शकते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. धनको नेहमीच गब्बर सावकार नसतो. पतसंस्थेच्या पैशात एखाद्या विधवेची ठेव असते. तिचे काय? नादारीत जे उरले असेल ते सामान्य धनकोंमध्ये त्यांच्या येण्याच्या प्रमाणात वाटले जाते. नादारीच नसेल तर ज्याचा तगादा दांडगा, तो आधी नेतो आणि गरीब धनको हात चोळत बसतो. म्हणजे ऋणकोला दिलेली मदत त्या विधवेचाही वाटा राखते.

तुकोबांनी इंद्रायणीत बुडवले ते आपल्या वाट्याचे खतपत्र, भावाचा हिस्सा त्याला दिला, असे परंपरा सांगते. माफी ज्याची त्यानेच द्यायची असते. दुसऱ्याच्या पैशावर उदार होण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण हतबल माणसाला खरे बोलण्यासाठी आधार द्यायला कुणाचे खतपत्र बुडवावे लागत नाही. तेवढे तर आपण सगळे मिळून करू शकतो, आणि केलेच पाहिजे.