पत्ते रुसले की

१०१ गुणांच्या रमीत पहिल्याच खेपेला ड्रॉप घेतला तर अंगावर २० गुण, मधूनच डाव सोडला तर ४०, आणि हट्टाने शेवटपर्यंत बसून हरलं तर ८० पर्यंत. म्हणून सावध खेळणारा वाईट पानं आली की वीस घेऊन मोकळा होतो. पण सलग तीन-चार डाव असे गेले की त्याचाही हात सैल सुटतो: आता तरी लागेलच! खरा घात इथे होतो. पिसलेल्या पत्त्यांना मागच्या डावाची आठवण नसते.

मग माणसाच्या हाती काय? गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत. दैव त्यांतलं पाचवं. म्हणजे दैव आहे, पण एकटं नाही. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयानेही रमीत कौशल्याचा भाग मोठा मानला, कारण पडलेली पानं ध्यानात ठेवावी लागतात.

नांदेड-लातुरात याहून मोठा डाव मांडला जातो तो जूनमध्ये, पेरणीचा. पहिली सर पडली की गावात तिफणी निघतात. जाणता शेतकरी मात्र वावरात बसून माती उकरतो, ओल किती खोल गेली ते बोटाने बघतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये, हा कृषी विभागाचा सल्ला. घाई केली तर दुबार पेरणी कपाळी.

सलग दुष्काळानंतर एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. अशा वर्षांनी धीर खचतो, आणि खचलेला माणूस एकतर सगळं पणाला लावतो किंवा हात आखडतो. सावध शेतकरी दोन्ही टाळतो. तो सोयाबीनच्या चार ओळींशेजारी तुरीच्या दोन ओळी घेतो. सोयाबीन गेलं तरी तूर मागे उभी असते.