बीज, क्षेत्र आणि सात दिवसांचा गर्भ

अहिल्यानगर जिल्ह्यात डॉक्टरांना बोलावून गाय भरवून घेणे दोन-तीन पिढ्यांच्या अंगवळणी पडले आहे. मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये उरुळीकांचनला उभारलेली बाएफ संस्था, राहुरीच्या कृषी विद्यापीठाने तीन जातींच्या संकरातून घडवलेली फुले त्रिवेणी गाय आणि राहुरीतच चालणारे एनडीडीबी डेअरी सर्व्हिसेसचे वीर्यकेंद्र यांमुळे वंशसुधार इथल्या गोठ्याला नवा नाही. भ्रूण प्रत्यारोपण हे मात्र त्यापुढचे पाऊल आहे. त्यात संकरित गाय विते आणि गीर किंवा साहिवालची शुद्ध कालवड जन्माला येते. नऊ महिने पोटात वाढवणाऱ्या त्या गायीच्या वंशाचा अंशही वासरात नसतो. मग वासरू घडवले कुणी, बीजाने की क्षेत्राने?

हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बीज श्रेष्ठ की क्षेत्र, याची चर्चा आहे. गर्भोपनिषदाने गर्भाच्या वाढीचे टप्पे रात्री मोजून सांगितले: एका रात्रीत कलल, सात रात्रींत बुडबुडा, पंधरवड्यात पिंड. समर्थांनी दासबोधात गर्भवासाचे वर्णन केले ते जन्माचे दुःख दाखवून माणसाला सावध करण्यासाठी. या साऱ्या विचारात तळमळ होती, निरीक्षणही होते. पण सुरुवातीच्या दिवसांतला गर्भ डोळ्यांनी पाहण्याचे साधन कुणाकडेच नव्हते.

युरोपातही तीच अडचण होती. रक्ताभिसरणाचा शोध लावणाऱ्या विल्यम हार्वेने राजाच्या शिकारीतल्या हरिणी माजाच्या काळानंतर चिरून पाहिल्या. कित्येक आठवडे त्याला गर्भाशयात काहीच सापडले नाही, आणि 1651च्या ग्रंथात त्याने तसे प्रामाणिकपणे लिहिले. सस्तन प्राण्याचे बीजांड प्रत्यक्ष पाहिले ते कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर याने, 1827 मध्ये, कुत्रीच्या बीजांडकोशात. तोवर सस्तन प्राण्याच्या बीजांडाबद्दल बोलणारे सगळे न पाहिलेल्या गोष्टीबद्दल बोलत होते.

बीज आणि क्षेत्र यांना प्रयोगाने वेगळे केले वॉल्टर हीप याने. 1890च्या एप्रिलमध्ये त्याने अंगोरा सशिणीच्या बीजवाहिनीतून दोन भ्रूण काढून बेल्जियन जातीच्या सशिणीत ठेवले. या सशिणीचा तिच्याच जातीच्या नराशी नुकताच संयोग झालेला होता. तिला सहा पिल्ले झाली: चार बेल्जियन आणि दोन लांब केसांची अस्सल अंगोरा. परक्या आईच्या पोटात वाढूनही त्यांच्या वंशात फरक पडला नव्हता. बीजाची बाजू जिंकली, असे त्या क्षणी कुणालाही वाटले असते.

त्यानंतरचे शतक गर्भाला शरीराबाहेर जगवण्याच्या खटपटीत गेले. 1962 मध्ये मेंढीचे भ्रूण इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला पाठवले गेले, ते जिवंत सशिणीच्या बीजवाहिनीत ठेवून. काचेच्या भांड्यात गायीचा गर्भ आठ ते सोळा पेशींपर्यंत पोचायचा आणि तिथेच थांबायचा. नेमक्या याच सुमारास गर्भाची स्वतःची जनुके कामाला लागतात. तोवर तो बीजांडात साठवलेल्या आईच्या शिदोरीवर चाललेला असतो. हा अडथळा ओलांडण्यासाठी संशोधकांनी बीजवाहिनीतल्या पेशी भांड्यात सोबतीला ठेवल्या, बीजवाहिनीतल्या स्रावाची नक्कल करणारे द्रव बनवले, हवेतला प्राणवायू कमी केला. म्हणजे प्रयोगशाळेने गर्भाशयाला बाजूला सारले नाही. ती बीजवाहिनीकडूनच शिकत राहिली. माणसाच्या बाबतीत शरीराबाहेर गर्भ जगवण्याची खटपट मुंबईतही फळाला आली. 6 ऑगस्ट 1986 रोजी केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून हर्षा चावडा या टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला.

आज गोठ्यापर्यंत आलेली पद्धत दोन प्रकारची आहे. पहिल्या प्रकारात जातिवंत दाता गायीला संप्रेरकाची इंजेक्शने देऊन एका माजात अनेक बीजांडे पिकवतात, रेतन करतात आणि सातव्या दिवशी गर्भाशय धुऊन भ्रूण गोळा करतात. दुसऱ्या प्रकारात अल्ट्रासाउंडच्या पडद्यावर पाहत सुईने बीजांडे ओढून घेतात. सुमारे 38.5 अंश तापमानाला दिवसभर ती पिकवतात, मग त्यांचा वीर्याशी संयोग घडवतात आणि आठवडाभर उबवणी यंत्रात वाढवतात. तयार भ्रूण मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या भागाएवढा असतो. ज्या गायीच्या पोटात तो सोडायचा, त्या सरोगेट गायीचा माज भ्रूणाच्या वयाशी जुळलेला असावा लागतो. तो एखाद-दुसऱ्या दिवसाहून अधिक मागेपुढे झाला तर गर्भ टिकत नाही.

ही तंत्रे हाती आल्यावर जुन्या प्रश्नाने नवे वळण घेतले. 1990च्या दशकात प्रयोगशाळेत वाढवलेल्या भ्रूणांपासून झालेली काही वासरे आणि कोकरे नेहमीपेक्षा फार मोठी निघाली. प्रसूती अवघड झाल्या, काही पिल्ले दगावली. 2001 मध्ये मेंढ्यांवरच्या अभ्यासात कारणाचा धागा सापडला: वाढीला लगाम घालणाऱ्या एका जनुकावरच्या रासायनिक खुणा पुसल्या गेल्या होत्या. जनुक बदललेले नव्हते, त्याचे काम बदलले होते. पुढे पोषणद्रवे सुधारली, पण धडा कायम राहिला. पहिल्या आठवड्यातले पाणी, क्षार आणि हवा यांची छाप जन्मापर्यंत पोचते. हीपच्या सशांनी बीजाच्या बाजूने दिलेला कौल खरा होता, पण अपुरा होता. वासरू कोणत्या जातीचे होणार हे बीज ठरवते. ते बीज कितपत फळणार यात क्षेत्राचा वाटा मोठा आहे.

या निष्कर्षाला आपल्या जिल्ह्यात फार महत्त्व आहे. पाथर्डी, कर्जत, जामखेडच्या बाजूला दुष्काळात जनावरे चारा छावण्यांत बांधावी लागतात. उपाशी गाय वेळेवर माजावर येत नाही आणि आलीच तर गर्भ धरीलच असे नाही. तिच्या पोटात कितीही भारी भ्रूण ठेवला तरी बीजाचा खर्च वाया जातो. भ्रूणाच्या किमतीची चर्चा होते. सरोगेट गायीच्या हिरव्या चाऱ्याची, खनिज मिश्रणाची, जंतनिर्मूलनाची चर्चा त्या मानाने फारच थोडी होते. हा प्राधान्यक्रम विज्ञानाच्याही विरुद्ध आहे आणि गायीवर अन्यायही आहे.

दुसरी गोष्ट बीजाच्या निवडीची. याच जिल्ह्यात, अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात, धुवाधार पावसात टिकणारी, कठीण खुरांची डांगी जात आहे. राजूरच्या प्रदर्शनात ती दिमाखाने मिरवते. दुधाच्या आकड्यांत ती गीरशी स्पर्धा करू शकत नाही, म्हणून भ्रूणांच्या यादीत ती मागे पडता कामा नये. भ्रूण गोठवून पिढ्यान्‌पिढ्या जपता येतात, आणि अकोल्याचा पाऊस पेलणारे बीज एकदा हातातून गेले तर ते कोणतीही प्रयोगशाळा नव्याने घडवू शकणार नाही.

दूध संघ, पशुवैद्यक आणि पशुपालक यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे: भ्रूण घ्या, पण त्याआधी तो वाढवणाऱ्या गायीची गव्हाण भरा, आणि जातिवंत बीजांची यादी कराल तेव्हा आपल्या डांगीचे नाव त्यात आवर्जून लिहा.