ठिणगीची वेळ

खरं बोलावं, हे लहानपणापासून सगळेच सांगतात. केव्हा बोलावं, हे मात्र कोणी सांगत नाही. शास्त्रकारांनी 'काय' आणि 'कसं' यांचा कीस काढला. 'केव्हा'चं खातं बहुधा मोटार दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रींकडे सोपवलं असावं.

आमच्या शेजारच्या नानांकडे प्रीमियर पद्मिनी आहे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. नानांची मात्र अजून सेवेत आहे. तिचं टायमिंग लावताना मेस्त्रींनी मला जे ऐकवलं, ते कुठल्याही प्रवचनात ऐकलं नव्हतं.

आपल्याला वाटतं, पिस्टन वर पोचला की ठिणगी पडावी. मेस्त्री म्हणाले, "तेव्हा पडली म्हणजे उशीर झाला, साहेब!" पेट्रोल पेट घेतं, पण सगळं जळायला सेकंदाचा बारीकसा अंश लागतो, आणि तेवढ्यात पिस्टन पुढे निघून जातो. म्हणून ठिणगी थोडी आधी हवी. वेग वाढला की आणखी आधी. त्यासाठी डिस्ट्रिब्यूटरच्या पोटात दोन छोटी वजनं असतात, ती वेगाबरोबर बाहेर फाकतात. फार आधी पडली, तर वर येणाऱ्या पिस्टनलाच तडाखा आणि इंजिनची टकटक. फार उशिरा पडली, तर ताकद नाही, नुसती उष्णता.

आता समजा, ओळखीतल्या मुलीला सांगून आलेल्या स्थळाबद्दल आपल्या कानावर काही आलं आहे. पहिल्या चहालाच बोललो, तर घरभर टकटक. अक्षता पडल्यावर बोललो, तर नुसती उष्णता. ठिणगी तीच, सत्य तेच!

"योग्य वेळ आली की सांगू," असं म्हणणारे इथे खूश होतील. पण मेस्त्रींचा पुढचा धडा त्यांच्यासाठीच आहे. एका चक्रात पिस्टन दोनदा वर येतो: एकदा हवा दाबत, एकदा धूर बाहेर ढकलत. पुलीवरची खूण दोन्ही वेळा जुळते! म्हणून मेस्त्री पहिला प्लग काढून भोकावर अंगठा ठेवतात आणि नानांना हँडल फिरवायला लावतात. अंगठ्याला दाब लागला, तरच ती खूण खरी. पंचांगातला मुहूर्त म्हणजे खूण. मुलीच्या बापाच्या छातीवरचा दाब आपल्या अंगठ्याला लागतो का, हा खरा प्रश्न. 'योग्य वेळ'वाले अंगठा लावतच नाहीत. धूर निघून गेल्यावर ते सत्य बोलतात आणि स्वतःला संयमी समजतात.

आमच्या बँकेत तीन महिने उलटलेला चेक येतो. सही खरी, रक्कम खरी, खात्यात पैसेही असतात. तरी आम्ही तो परत पाठवतो. त्याला खोटा कोणी म्हणत नाही. फक्त त्याचे पैसे मिळत नाहीत. उशिरा बोललेल्या सत्याचंही माझ्या मते तेच. वेळ हा सत्याचा दागिना नव्हे, त्याचा अर्धा ऐवज आहे.

अडचण एवढीच, की पद्मिनी उभी करून, बोल्ट सैल करून टायमिंग लावता येतं. माणसाला ते चालत्या गाडीत, ऐन घाटात, दोन्ही हात स्टिअरिंगवर असताना लावावं लागतं.