सूक्ष्माचे प्रत्यक्ष

रोगनिदान हा वरवर वैद्यकाचा विषय वाटत असला तरी त्याच्या मुळाशी प्रमाणांचा, म्हणजे खात्रीच्या ज्ञानाच्या साधनांचा, तोच प्रश्न असतो ज्यावर भारतीय दर्शनांनी शतकानुशतके वाद घातला. आणि बुबुळात शिरलेल्या बुरशीच्या निदानात तो जितका उघडा पडतो तितका अन्यत्र क्वचितच पडत असेल. सोलापूर जिल्ह्यासारख्या शेतीवर जगणाऱ्या मुलखाला हा आजार परका नाही. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारीची मळणी चालू असताना उडालेली कूस, किंवा उजनीच्या पाण्यावर पोसलेला ऊस तोडताना पाचटाची धारदार कड डोळ्याला लागते, पारपटलावर, म्हणजे बुबुळाच्या पुढच्या जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीच्या पारदर्शक पडद्यावर, ओरखडा उठतो आणि पाल्यावरची बुरशी त्यातून आत शिरते. काही दिवसांत तेथे पांढरट व्रण दिसू लागतो, आणि तो वेळेत बरा झाला नाही तर मागे अपारदर्शक डाग उरतो, ज्याला गावाकडे ‘डोळ्यात फूल पडले’ असे म्हणतात.

अडचण अशी की, जिवाणूंनी केलेला व्रण आणि बुरशीने केलेला व्रण यांतला फरक वरून पाहून सांगणे अनुभवी नेत्रतज्ज्ञालाही नेहमी साधत नाही, औषधे मात्र दोहोंची वेगळी असतात, आणि बुरशीच्या व्रणावर चुकून स्टेरॉइडचे थेंब पडले तर रोग अधिकच फोफावतो. रूढ पद्धतीत व्रणाचा पृष्ठभाग खरवडून तो अंश सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात आणि पोषक माध्यमावर वाढवून पाहतात. या वाढीला कित्येक दिवस लागतात, आणि बुरशी खोल दडलेली असेल तर खरवडलेल्या अंशात ती सापडतही नाही. लेसरवर चालणारा समनाभी, म्हणजे कॉन्फोकल, सूक्ष्मदर्शक येथे उपयोगी पडतो. मार्विन मिन्स्की यांनी १९५० च्या दशकात मांडलेली त्याची कल्पना साधी आहे: परत येणारा प्रकाश एका बारीक छिद्रातून जाऊ दिला, तर ज्या पातळीवर नाभी साधलेली आहे तेवढ्याच पातळीचा प्रकाश पुढे जातो आणि वरच्या-खालच्या थरांचा धूसरपणा गाळला जातो. डोळा बधिर करून उपकरणाचे टोक पारपटलाला टेकवतात, ६७० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा लेसर एकेका बिंदूवरून फिरतो, आणि जिवंत ऊतकाचा, काहीही न कापता, थरामागून थर पडद्यावर उमटतो. त्यात बुरशीचे तंतू काळसर पार्श्वभूमीवर चकाकणाऱ्या, फाटे फुटलेल्या रेषांसारखे दिसतात.

असलेली वस्तू दिसत का नाही, याची आठ कारणे ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत दिली आहेत: वस्तू फार दूर असणे, फार जवळ असणे, इंद्रिय बिघडणे, मन ठिकाणावर नसणे, वस्तू अतिसूक्ष्म असणे, मध्ये आडपडदा असणे, प्रबळ वस्तूने ती झाकोळली जाणे आणि तिच्यासारख्याच वस्तूंत ती मिसळणे. फार जवळच्या वस्तूचे उदाहरण म्हणून टीकाकारांनी डोळ्यातले काजळच दिले आहे, हे येथे विशेष लक्षात घेण्याजोगे. रोग्याच्या बाजूने अतिसामीप्य आणि इंद्रियाचा बिघाड, तर वैद्याच्या बाजूने सूक्ष्मता आणि आडपडदा, अशी चार कारणे या व्रणात एकत्र येतात. वैद्याच्या वाट्याची दोन्ही लेसर दूर करतो. पण तसे करताना शेवटचे कारण, सारख्यात सारखे मिसळणे, तो नव्याने उभे करतो, कारण पारपटलातल्या मज्जातंतूंच्या बारीक रेषा आणि फाटे फुटलेल्या काही संरक्षक पेशीही तशाच चकाकतात. जिवाणू तर इतके लहान की या उपकरणातही त्यांची ओळख पटत नाही.

न्यायदर्शनाच्या मते डोळ्यातून तेजाचा किरण बाहेर पडून वस्तूला भिडतो, म्हणून पाहणे हा एक प्रकारचा स्पर्शच ठरतो. काच, अभ्रक आणि स्फटिक यांच्या पलीकडचे कसे दिसते, या आक्षेपाला नैयायिकांनी पारदर्शक वस्तू त्या किरणाला अडवत नाहीत असे उत्तर दिले. दिङ्नागासारख्या बौद्ध तार्किकांनी हे मत नाकारले आणि शरीरशास्त्रानेही ते फेटाळले. तेव्हा प्राचीनांना लेसर ठाऊक होता असे सांगण्याचा मोह कोणाला झाला तर तो आवरलेला बरा. मूळ प्रश्न मात्र शिळा झालेला नाही: पडद्यावर दिसते ती बुरशी, की परतलेल्या प्रकाशावरून यंत्राने मांडलेले अनुमान? पंढरपुरात पदस्पर्शदर्शनाची आणि मुखदर्शनाची रांग वेगळी असते, तसा खरवडलेला अंश आणि लेसरची प्रतिमा यांतही भेद आहे. पहिल्यात वस्तूच हाती येते, दुसऱ्यात ती जागच्या जागी राहून नुसती दिसते.

गौतमाच्या न्यायसूत्रांनी प्रत्यक्षाच्या लक्षणात इंद्रियाचा वस्तूशी संबंध पुरेसा मानला नाही. ते ज्ञान न चुकणारे आणि निश्चित असावे, अशीही अट घातली. भाष्यकार वात्स्यायनाचे उदाहरण कोरडवाहू प्रदेशातल्या वाचकाला सहज पटेल: दूरवर काही उठताना दिसते, पण ते धूर आहे की धूळ हे ठरत नाही, तोवर ते प्रत्यक्ष नव्हे. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गंभीर व्रणांपैकी बुरशीचे सुमारे ८६ टक्के या उपकरणाने ओळखले गेले, आणि बुरशी नसलेल्यांपैकी सुमारे ८१ टक्क्यांत ती नाही असे बरोबर सांगता आले. आकडे चांगले आहेत, तरीही उरलेल्या रोग्यांच्या बाबतीत धूर आणि धूळ यांची गल्लत झालीच. म्हणून यंत्राने पाहिले एवढ्यावर प्रत्यक्ष पुरे होत नाही, निश्चय पाहणाऱ्याच्या तालमीतून येतो, आणि त्या तालमीत आधी पाहिलेल्या शेकडो प्रतिमांची स्मृती, म्हणजे अनुमानाचा मोठा वाटा, मिसळलेला असतो.

रोग्याला तर हेही उपलब्ध नाही. त्याच्या दृष्टीने सारे ज्ञान शब्दप्रमाणाचे, म्हणजे विश्वासू माणसाच्या सांगण्याचे आहे. असा माणूस, ‘आप्त’, कोण याचे उत्तर वात्स्यायनाने उदारपणे दिले आहे: ज्याने वस्तू साक्षात जाणली आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे तो आप्त, मग तो ऋषी असो, आर्य असो वा म्लेच्छ. आता या प्रतिमा वाचायला संगणकाला शिकवले जात आहे, आणि तालुक्याच्या गावी तज्ज्ञ नसेल तेथे अशी मदत मोलाची ठरू शकते. परंतु त्या व्याख्येतल्या दोन अटींपैकी, फार सैल अर्थाने, पहिलीच संगणक पुरी करतो. सांगण्याची इच्छा, आणि चुकल्यास त्याचे उत्तर देण्याची बांधिलकी, कोणा माणसाकडेच राहते, आणि निदानाच्या कागदावर त्याचीच सही लागते.