स्टेपनीतली हवा

उधारीचे प्रकार अनेक आहेत. वाण्याची उधारी असते, दूधवाल्याची असते, आणि आमच्या बँकेची जी असते तिला कर्ज म्हणतात, कारण तिच्यासाठी फॉर्म भरावा लागतो. या सगळ्या उधाऱ्यांत एक गोष्ट चांगली. आकडा ठरलेला असतो. आकडा ठरलेला असला की माणूस एक तर फेडतो, नाही तर बुडवतो. पण काय फेडलं आणि किती बुडवलं, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. पंचाईत होते ती आकडा नसलेल्या उधारीची. आणि ही उधारी हटकून होते ती हरहुन्नरी मित्राकडे.

आता हेच पाहा ना. रविवारी सकाळी तुमची जुनी स्कूटर सुरू होत नाही. तुम्ही किका मारता. कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल पोचावं म्हणून स्कूटर एका अंगाला कलवता, पुन्हा किका मारता. शेजारच्या गॅलरीतून कुणीतरी "चोक ओढलाय का?" असं विचारतं. हा प्रश्न विचारायला स्कूटरचं ज्ञान लागत नाही, फक्त गॅलरी लागते. एवढ्यात तुमचा मित्र बनियनवर खाली उतरतो. हातात प्लगपाना, खांद्यावर चिंधी. दोन-स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं, त्यामुळे प्लगवर काजळी धरते, हे तो तुम्हाला विसाव्यांदा समजावून सांगतो. प्लग पॉलिश पेपरनं घासतो, गॅप डोळ्यानंच जोखतो, जेट काढून फुंकतो. दोन तासांनी स्कूटर सुरू होते. सगळ्या इमारतीत निळा धूर पसरतो आणि तो हात पुसत म्हणतो, "काही नाही रे, जरा कचरा अडकला होता."

हे "काही नाही रे" कुठल्या खात्यात मांडायचं, हा माझा प्रश्न आहे. मी कॉमर्सचा माणूस. १४९४ साली इटलीतल्या लुका पाचोली नावाच्या साधूनं द्विनोंदी पद्धत ग्रंथात छापली, तेव्हापासून जगात प्रत्येक नावेला एक जमा असते. साधूनं हिशेबाचं पुस्तक लिहावं याचं मला कॉलेजात नवल वाटायचं. आता वाटत नाही. कोण कुणाचं किती देणं लागतो हा प्रश्न मुळात साधूचाच आहे, आम्ही फक्त त्याचे कारकून. पण त्या साधूलाही "काही नाही रे"ची जमा कुठे करावी हे सांगता आलं असतं असं वाटत नाही.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकचं बरं असतं. तो हीच दुरुस्ती करतो, आकडा सांगतो, भिंतीवर चिकटवलेल्या चौकोनाकडे बोट दाखवतो. तुम्ही फोन त्या चौकोनासमोर धरता, आतून एक बाई रक्कम मिळाल्याचं मोठ्यानं जाहीर करते, आणि संबंध संपतो. उद्या तो रस्त्यात भेटला तर तुम्ही मान हलवाल, न हलवाल. मित्राच्या कपाळावर असा चौकोन चिकटवता येत नाही. पैसे देऊ केलेत तर तो चिडेल. चिडला नाही, तर तुम्हालाच वाईट वाटेल.

मग माणसं आडमार्गानं फेडायला बघतात. पेढे आणतात. कुणी पान्यांचा नवा सेट भेट देतं. हरहुन्नरी माणसाला पाने भेट देणं म्हणजे गवयाला तंबोरा भेट देणं. तो हसून घेतो, आणि मग आयुष्यभर आपल्या जुन्या तंबोऱ्यावरच गातो. सगळ्यांत रूढ फेड म्हणजे पोहे. "अहो, त्यांना पोहे खाल्ल्याशिवाय जाऊ देऊ नका हं," असं आतून फर्मान सुटतं. पोह्यांना मी पूर्वी फार किरकोळ परतफेड समजत असे, पण त्यांना चक्क वैदिक आधार आहे. आपल्याला देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणं पाठ असतात. शतपथ ब्राह्मणात चौथं मनुष्यऋणही सांगितलं आहे, आणि ते माणसांना आसरा देऊन, खाऊ घालून फेडावं असं म्हटलं आहे. तेव्हा कार्ब्युरेटरची जेट आणि पोह्यांची बशी यांची बरोबरी होते, असं म्हणायला हरकत नाही. फक्त ही बरोबरी स्वयंपाकघरात झाली म्हणून मनात होतेच असं नाही.

आमच्या तळमजल्यावर एक काका राहतात. पिंपरीच्या बाजूला एका कारखान्यात टूलरूममध्ये आयुष्य काढून निवृत्त झालेले. ज्या काळात स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे, त्या काळात घडलेला हा हात. तेव्हा गाडी बिघडली म्हणून बदलायची हा विचारच कुणाच्या डोक्यात येत नसे. मिळालेली गाडी जन्मभर चालवायची असे, त्यामुळे प्रत्येक आळीत असा एक माणूस तयार होई. काकांकडे बिस्किटांच्या जुन्या डब्यांत हजारभर स्क्रू, वॉशर आणि स्प्रिंगा आहेत. त्यांतला कुठला कशाचा, हे त्यांना विचारावं लागत नाही. ते आपणहून सांगतात.

या काकांची एक खोड मला बरेच दिवस कळत नव्हती. जिन्यात भेटले की ते मला "कसा आहेस?" असं कधी विचारत नाहीत. "कशी आहे ती?" असं विचारतात. ती म्हणजे माझी स्कूटर. माझ्या पत्नीनं पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा खुलासा करावा लागला होता.

खोडीचा उलगडा मला अ‍ॅरिस्टॉटलकडे मिळाला. त्याच्या निकोमॅकियन एथिक्स या ग्रंथात मैत्रीवर दोन आख्खे भाग आहेत. त्यांतल्या दुसऱ्यात त्यानं एक विचित्र गोष्ट टिपली आहे. ज्यानं उपकार केला त्याचा जीव उपकार घेणाऱ्यावर जास्त असतो. घेणाऱ्याचा करणाऱ्यावर तितका नसतो. असं का? लोक म्हणतात, हे सावकार आणि कर्जदारासारखं आहे. कर्जदाराला वाटतं, सावकार नसता तर बरं. सावकार मात्र कर्जदाराच्या तब्येतीची काळजी करतो. (हे वाचून मला आमच्या वसुली खात्याची आठवण झाली. थकबाकीदाराच्या प्रकृतीची इतकी आस्थेनं चौकशी त्याच्या सख्ख्या भावानंही केली नसेल.) पण अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, खरं कारण हे नव्हे. उपकार करणारा हा कारागिरासारखा असतो. कारागिराचा आपल्या हातच्या वस्तूवर जीव असतो, तसा याचा आपण ज्याचं भलं केलं त्याच्यावर असतो. वसुलीची इच्छा त्यात नसते. आपण काही घडवलं, ते चालू आहे, एवढंच त्याला बघायचं असतं.

म्हणजे काकांनी माझ्यावर उपकार केला, हा हिशेबच अपुरा. त्यांनी एक गोष्ट चालू केली, आणि ती रस्त्यावरून फटफटत जाते तेव्हा थोडे तेही जातात.

हा शोध लागला की माणसातला चतुर वाणी जागा होतो. तो म्हणतो, दुरुस्ती करण्यातच जर आनंद असेल, तर बिघडलेली गाडी नेणारा मीच उपकारकर्ता! आमच्या इमारतीत या मताचे पुष्कळ लोक आहेत. एक गृहस्थ तर मेहुण्याचा मिक्सर घेऊन आले होते. मेहुणा नाशिकचा. काकांच्या आनंदाची एवढी काळजी, की परगावाहून बिघाड मागवला!

यातला खोटेपणा काकांनीच एकदा उघडा केला. तिसऱ्या मजल्यावरचे एकजण क्लचवायर घेऊन आले. "काका, एवढी टाकून द्या ना. कोपऱ्यावरचा मजुरी मागतो."

काका म्हणाले, "मागणारच. त्याचं पोट आहे त्यावर. माझं भरलेलं आहे."

"पण तुम्हाला तर आवडतं ना काका हे सगळं?"

"मला काय झालंय ते शोधायला आवडतं. तुझे पैसे वाचवायला आवडतं असं कुणी सांगितलं?"

माझ्या मते या विषयावरचा सगळा ग्रंथ या दोन वाक्यांत आला. ज्या कामावर कुणाची चूल पेटते ते काम मित्राकडून फुकट करून घेणं म्हणजे मित्राच्या हातानं तिसऱ्याचा खिसा कापणं आहे. टायर बदलायचा, ऑइल बदलायचं, वायर टाकायची, तर कोपऱ्यावर जावं आणि घासाघीस न करता पैसे द्यावेत. मित्राकडे न्यावा तो बिघाड, ज्यात त्याला कोडं आहे. आणि नेल्यावर पळून जाऊ नये. लोक "तुम्ही बघा, मी जरा भाजी घेऊन येतो" म्हणतात ना, तिथे माझा आक्षेप आहे. त्यानं माणसाचा मेकॅनिक होतो, फक्त बिनपगारी. उभं राहावं, बॅटरी धरावी. बॅटरी धरणं हे वाटतं तितकं सोपं नाही. त्याची नजर जाईल तिथे उजेड पोचायला हवा, आणि "इकडे नाही रे, इकडे" हे मुकाट्यानं ऐकून घ्यायला हवं. माझ्या हिशेबात पोह्यांपेक्षा ही फेड मोठी आहे.

पण फेडीचा खरा दिवस वेगळाच असतो, आणि तो बिघाडाच्या दिवशी येत नाही.

आपण स्कूटरच्या मागच्या जादा चाकाला स्टेपनी म्हणतो. हे एका रस्त्याचं नाव आहे. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीट आहे. तिथल्या डेव्हिस यांनी १९०४ साली, मोटारींना जादा चाक मिळत नसे त्या काळात, पंक्चर झालेल्या चाकावरच आवळून बसवायची एक फुगवलेली धाव काढली. मूळ वस्तू केव्हाच गेली, पण आपल्याकडे शब्द राहिला. माझ्या स्कूटरची पुढची-मागची चाकं एका मापाची, त्यामुळे तिची स्टेपनी दोन्हीकडे चालते. अशी सोयीची वस्तू दुसरी नाही, आणि अशी दुर्लक्षित वस्तूही दुसरी नाही. पुढच्या-मागच्या चाकाची हवा माणूस पंपावर तपासतो. स्टेपनीची तपासत नाही. आणि ज्या दिवशी ती काढायची वेळ येते, त्या दिवशी तीही बसलेली निघते.

हरहुन्नरी मित्र ही आपल्या आयुष्यातली स्टेपनी. पंक्चर झाल्यावर आठवते.

काकांचे हात आता थरथरतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी प्लगची गॅप डोळ्यानं जोखता येत नाही. त्यात एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या दुचाक्यांतून कार्ब्युरेटरच गेला. त्याच्या जागी इंधन मोजून फवारणारं यंत्र आलं. त्याचा बिघाड शोधायला कान पुरत नाहीत, संगणक जोडावा लागतो. तेव्हा इमारतीतल्या लोकांची त्यांच्याकडची वर्दळ थांबली. कुणी वाईट वागलं असं नाही. बिघाड नाही, म्हणून कुणी जात नाही, इतकंच. मिक्सरवाले गृहस्थ व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांना रोज सकाळी फुलं पाठवतात.

आमच्या बँकेत एक नियम आहे. बचत खात्यात दोन वर्षांहून जास्त काळ खातेदारानं व्यवहार केला नाही, तर ते निष्क्रिय ठरतं. बँकेनं आपणहून व्याज जमा केलं तर तो व्यवहार धरत नाहीत. खातेदारानं स्वतः काहीतरी करावं लागतं. शिल्लक भरपूर असून निष्क्रिय झालेली खाती मी रोज बघतो. माझ्या मते सकाळची फुलं हे व्याज आहे. त्यानं खातं चालू राहत नाही.

म्हणून मी महिन्यातून एखाद्या रविवारी स्कूटर काकांच्या दारात नेऊन उभी करतो.

"काय झालंय तिला?"

"काही नाही. आवाज जरा वेगळा वाटतोय."

हे खोटं बोलणं आहे का, याचा मी विचार केला आहे. स्कूटरचा आवाज रोज जरा वेगळा असतोच, त्यामुळे शपथेवरही सांगता येईल. काका स्टूल घेऊन बसतात, डोळे मिटून ऐकतात. मला रेस करायला सांगतात, सोडायला सांगतात, पुन्हा करायला सांगतात. मग बॅटरी ते धरतात आणि प्लग मी काढतो. "तिकडून नाही रे, सरळ धर पाना. आटे जातील." परवा तर त्यांनी मला स्टेपनीची हवा बघायला लावली.

निम्मी उतरली होती. भरून आणली.