प्रतिरूपाचें दुःख

होळीच्या सुमारास चिखलीहून सैलानीकडे जाणाऱ्या गाडींत एखादी म्हातारी आपल्या तरुण मुलाचें मनगट घट्ट धरून बसलेली दिसते. पिंपळगाव सराईजवळच्या त्या दर्ग्यावर मनोरुग्णांस आणण्याची रूढी जुनी आहे. तिला हंसणें सुशिक्षितांस सोपें जातें; परंतु त्या मातेस याहून खात्रीचें असें आम्ही काय देऊं शकतों?

हें शोधण्यासाठींच कांहीं शास्त्रज्ञ महासंगणकाकडे वळले आहेत. वऱ्हाडांतील मुरंब्याचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं पुण्यास १९९१ सालीं 'परम' सिद्ध झाल्यापासून हें यंत्र आपणांस परकें उरलेलें नाहीं. मानवी मेंदूंत सुमारें ८६ अब्ज चेतापेशी आहेत. प्रत्येकीचें वर्तन समीकरणांत मांडावयाचें आणि तीं सारीं एकदम सोडवावयाचीं, अशी ही रीत. २०१३ सालीं जपानांतील 'के' या महासंगणकानें १.७३ अब्ज पेशींच्या जाळ्याचें एका सेकंदाचें कार्य वठविलें; त्यास ४० मिनिटें लागलीं. पेशींचे सांधे मात्र यदृच्छेनें जोडलेले होते, म्हणजे तो कोणा प्राण्याचा मेंदू नव्हेच. एका सूक्ष्म कृमीच्या ३०२ चेतापेशींच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ सालींच प्रसिद्ध झाला. तरी त्याचें सगळें वागणें त्यावरून अद्यापि उलगडत नाहीं!

पण समजा, उद्यां हुबेहूब प्रतिरूप साधलें. त्यांत उन्माद उत्पन्न करून औषधें पारखावयाचीं. जें त्या मुलाच्या यातनेविषयीं खरें सांगण्याइतकें हुबेहूब आहे, त्यास यातना नाहीं असें कोणत्या तोंडानें म्हणावें? कोणी म्हणेल, पंचांगांतल्या पावसानें शेत भिजत नाहीं. खरें आहे. परंतु बेरीज कागदावर केली काय नि यंत्रांत केली काय, ती बेरीजच असते. दुःख हें पावसासारखें कीं बेरजेसारखें, हाच खरा वाद आहे. ज्यास भूक नाहीं, मरण नाहीं, त्यास दुःख कसलें, असें वाटून आमचा कल पावसाकडे झुकतो. पण तो कलच, सिद्धांत नव्हे.

सुदैवानें उपयोगी पडण्यास हुबेहूबपणा लागतोच असें नाहीं. फ्रान्सांत मार्सेय येथें अपस्माराच्या एकेका रोग्याच्या मेंदूचें ढोबळ प्रतिरूप रचून झटका कोठून उठतो व शस्त्रक्रिया कोठें करावी, हें पाहण्याचा प्रयत्न चालला आहे. अब्जावधि पेशींच्या आंकड्यांपेक्षां आम्हांस ही खटपट अधिक मोलाची वाटते, कारण तिच्या समोर एक विशिष्ट रोगी बसलेला असतो आणि बहुधा त्याचें मनगट धरून त्याची आईहि.